घराजवळचा रस्ता पायी आणि सायकलने जाण्यासारखा करून घ्यायचा असेल तर काय काय करायचं (ठाणेकरांसाठी)

घोडबंदर रोडला राहणाऱ्या कुणालाही विचारा की समोरच्या बाजूच्या मेडिकलमध्ये जायचं तर कसं जाता, बरेच जण सांगतील रिक्षा करतो, नाहीतर गाडी काढून पुढून यू टर्न मारून येतो. दुकान डोळ्यांना दिसतंय, पण पायी पोचायची सोय नाही. नौपाड्यात, स्टेशनकडे फुटपाथ आहेत तर त्यावर बाईक लावलेल्या, मध्येच डीपी, मध्येच उखडलेले पेव्हर ब्लॉक, म्हणून माणसं खाली उतरून बसच्या बाजूने चालतात, त्यात शाळेची मुलं, त्यात काठी घेतलेले आजोबा. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे जवळपास दर पाचातला एक जण कुठल्याच गाडीत नव्हता, नुसता रस्त्याने चालला होता किंवा रस्ता ओलांडत होता. मला ह्याचा खूप त्रास होतो, कारण रस्ता जसा बांधलाय तशीच माणसं त्यावर वागतात, आणि बांधलेला रस्ता बदलता येतो.

तो बदलून कसा घ्यायचा ते खाली लिहितेय. मोर्चे, उपोषणं ह्यातलं काही नाही, टेप, कागद आणि चार माणसं लागतात, आणि चिकाटी.

आधी एकच तुकडा निवडा

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. "ठाण्यात सायकल ट्रॅक झाले पाहिजेत", "फुटपाथ मोकळे करा" अशी मागणी घेऊन गेलात तर समोरचा साहेब हो म्हणतो, चहा पाजतो आणि विषय संपतो, कारण ते काम कुणा एकाच्या टेबलावर येतच नाही. त्यापेक्षा दोनशे तीनशे मीटरचा एकच तुकडा घ्या. शाळेच्या गेटपासून टीएमटीच्या स्टॉपपर्यंत, सोसायटीच्या गेटपासून भाजी मार्केटपर्यंत, नाहीतर एकच चौक. जिथे रोज तीच तीच माणसं जातात आणि जिथे तुम्ही स्वतः रोज जाता असा. लांबचा निवडू नका, पाऊस पडला की तिथे बघायला जाणं होत नाही आणि मग पाठपुरावा सुटतो.

मेट्रो ४ च्या मार्गावर राहात असाल तर माझं स्पष्ट मत आहे की तुमच्या घरापासून होणाऱ्या स्टेशनच्या जिन्यापर्यंतचा तुकडा घ्या, आणि आत्ताच घ्या. स्टेशन सुरू झालं की हजारो माणसं त्या जिन्यावरून खाली उतरणार, आणि खाली उतरून पाय कुठे ठेवायचा हा प्रश्न तेव्हा विचारण्यात काही अर्थ नसतो, तोपर्यंत रिक्षा स्टँड, टपऱ्या, पार्किंग सगळं बसलेलं असतं.

मग मोजा

तक्रार सगळेच करतात, मोजून कुणी आणत नाही. मोजलेलं घेऊन गेलात की बोलणं वेगळ्या पातळीवर जातं, इंजिनिअर लोकांना आकड्यांत बोललेलं आवडतं हा अनुभव आहे.

एक टेप घ्या, वही घ्या, फोन घ्या, आणि दोघं तिघं जण जा. फुटपाथची रुंदी मोजताना पूर्ण रुंदी लिहू नका, अडथळे वगळून जेवढी जागा चालायला मिळते तेवढीच लिहा. कागदावर फुटपाथ अडीच मीटर असतो पण महावितरणचा फीडर पिलर (विजेची मोठी पेटी), झाडाचं आळं आणि जाहिरातीचा खांब वजा केला की हातात राहतात सत्तर सेंटीमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसची पादचाऱ्यांच्या सोयींसाठी मार्गदर्शिका आहे, आयआरसी १०३, त्यात राहत्या भागात किमान १.८ मीटर आणि दुकानांच्या भागात २.५ मीटर मोकळी चालायची जागा सांगितलीय, आणि फुटपाथची उंची रस्त्यापासून १५ सेंटीमीटरपेक्षा जास्त नको असंही. आपल्याकडे दर वेळी डांबराचा नवा थर आणि मग फुटपाथ अजून वर, असं करत करत काही ठिकाणी पायरी गुडघ्यापर्यंत येते, ती पण मोजा. तुमच्याकडचा आकडा आणि आयआरसीचा आकडा शेजारी शेजारी लिहिले की पुढे फार बोलावं लागत नाही.

सिग्नल असेल तर स्टॉपवॉच लावा. चालणाऱ्यांसाठी हिरवा दिवा किती सेकंद आहे ते बघा आणि रस्ता किती रुंद आहे ते. साधारणपणे माणूस सेकंदाला १.२ मीटर चालतो असं धरून वेळ काढतात, म्हणजे २४ मीटरच्या रस्त्याला २० सेकंद तरी पाहिजेत, आणि हे धडधाकट माणसाचं झालं. एखाद्या आजींना बरोबर घेऊन जा, त्यांना विचारून, त्यांच्या चालीने एकदा ओलांडा आणि तो वेळ लिहा. पुष्कळ सिग्नलवर तर चालणाऱ्यांचा दिवाच नाही किंवा आहे तो बंद आहे, ते पण लिहा, खांबाचा नंबर असतो तो लिहा.

गाड्यांचा वेग मोजायला महागडं मशीन लागत नाही. रस्त्याच्या कडेला ५० मीटर अंतरावर खडूने दोन खुणा करा, बाजूला सुरक्षित जागी उभं राहून फोनवर व्हिडिओ घ्या आणि नंतर घरी बसून सेकंद मोजा. ५० मीटर ६ सेकंदात म्हणजे ताशी ३० किलोमीटर, ३.६ सेकंदात म्हणजे ५०, तीन सेकंदात म्हणजे ६०. हे का करायचं, तर जागतिक आरोग्य संघटना सांगते की सरासरी वेग एक टक्क्याने वाढला की जीवघेण्या अपघाताची शक्यता चार टक्क्यांनी वाढते, आणि जिथे माणसं आणि गाड्या एकत्र आहेत तिथे वेग ३० पर्यंत आणावा असं २०२० च्या स्टॉकहोमच्या जाहीरनाम्यात जगभरच्या देशांनी मान्य केलंय. शाळेसमोर गाड्या पन्नासने जातात हे तुमच्या व्हिडिओत दिसलं की "स्पीड ब्रेकर पाहिजे" असं नुसतं म्हणण्यापेक्षा त्याला वजन येतं.

आणि माणसं मोजा. सकाळी शाळा ऑफिसच्या वेळेचा एक तास आणि संध्याकाळचा एक तास, चालणारे किती, सायकलवाले किती, त्यात बायका किती, मुलं किती, फुटपाथवरून चालणारे किती आणि खाली रस्त्यावरून चालणारे किती. हा शेवटचा आकडा सगळ्यात बोलका असतो. सायकलवाले मोजताना बघा कोण आहेत ते. दूधवाले, पेपरवाले, पाववाले, रात्रपाळी करून परतणारे सिक्युरिटी गार्ड, वागळे इस्टेटमध्ये कामाला जाणारे. रविवारी पहाटे येऊरला हेल्मेट घालून जाणारे ग्रुप आपल्याला दिसतात आणि सायकलचा विषय म्हणजे तेवढाच असं वाटतं, पण रोज पोटासाठी सायकल मारणारा माणूस वर्षाचे बाराही महिने त्याच रस्त्यावर असतो, तोही अंधारात, आणि त्याची मोजणी कुठेच नसते. ती तुम्ही करा.

फोटो काढा, तारीख आणि जागा कळेल असे, पण मुलांचे चेहरे आणि कुणाच्या गाडीचे नंबर दिसणार नाहीत असे. आपल्याला कुणाला पकडून द्यायचं नाहीये, रस्ता नीट करून घ्यायचाय. भांडण शेजाऱ्याच्या बाईकशी सुरू झालं की ते तिथेच अडकतं.

रस्ता कुणाचा ते शोधा

इथे लोकांचे महिनेच्या महिने जातात. ठाण्यात आपल्याला सगळं "महापालिका" वाटतं, पण एकाच रस्त्यावर चार पाच मालक असतात. गल्लीतले आणि शहरातले बहुतेक रस्ते, फुटपाथ ठाणे महापालिकेचे. घोडबंदर रोडचा मुख्य रस्ता राज्य महामार्ग, म्हणजे तिथे सार्वजनिक बांधकाम विभाग आला, मेट्रोच्या बॅरिकेड लावलेल्या पट्ट्यात एमएमआरडीए आणि तिचा कंत्राटदार. खणून ठेवलेला चर महावितरणचा असू शकतो, महानगर गॅसचा असू शकतो, इंटरनेट केबलवाल्यांचा असू शकतो, परवानगी पालिकेची. नवी मुंबईत असाल तर सिडको, पालिका आणि एमआयडीसी असं त्रांगडं आहे, टीटीसी औद्योगिक पट्ट्यात तर आधी हेच विचारावं लागतं.

पालिकेच्या आतही टेबलं वेगळी. फुटपाथ, खड्डे, स्पीड ब्रेकर, झेब्रा पट्टे हे बांधकाम विभागाचं काम, तुमच्या प्रभाग समितीत त्यांचे कनिष्ठ अभियंता, उपअभियंता असतात, आधी त्यांनाच गाठा. दिवे आणि सिग्नल विद्युत विभागाकडे. फुटपाथवरचं अतिक्रमण प्रभाग समितीच्या सहाय्यक आयुक्तांकडे. झाडाची आळी, फांद्या उद्यान विभाग. आणि नो पार्किंग, एकदिशा मार्ग, अवजड गाड्यांना बंदीची वेळ हे पालिका ठरवत नाही, त्याची अधिसूचना वाहतूक पोलीस उपायुक्त काढतात, पालिका फक्त बोर्ड लावते. म्हणून बोर्ड लावा म्हणून पालिकेत गेलात की ते पोलिसांकडे पाठवतात, आणि पोलीस म्हणतात बोर्ड पालिका लावते. दोघांचंही बरोबर असतं. तुम्ही दोघांना एकाच वेळी पत्र द्या आणि दोन्ही पत्रांत एकमेकांचा उल्लेख करा.

पत्र

एका पानाचं. खरंच एकच पान, बाकी सगळं मागे जोडायचं. वर जागा अगदी नेमकी लिहा, "अमुक शाळेच्या गेटपासून तमुक बसस्टॉपपर्यंतची पश्चिम बाजू" अशी. मग काय मोजलं ते तीन चार ओळींत. मग मागणी, आणि मागणी अशी की ज्यावर हो किंवा नाही म्हणता येईल. "योग्य ती कार्यवाही व्हावी" असं लिहू नका, त्याला उत्तरही तेच येतं, योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.

असं काहीसं लिहा:

"मा. सहाय्यक आयुक्त, अमुक प्रभाग समिती. विषय: अमुक शाळेसमोर पादचारी क्रॉसिंग उंच करून मिळणे व फुटपाथवरील अडथळे हटवणे. महोदय, सदर ठिकाणी दि. अमुक रोजी सकाळी ७ ते ८ या वेळेत आम्ही रहिवाशांनी मोजणी केली. इतके पादचारी, त्यात इतकी शाळकरी मुलं, पैकी इतके जण फुटपाथ अडलेला असल्याने रस्त्यावरून चालत होते. फुटपाथची चालण्यायोग्य रुंदी सर्वात अरुंद ठिकाणी इतकी आहे, आयआरसी १०३ नुसार ती किमान १.८ मीटर हवी. आमची विनंती: १) शाळेच्या गेटसमोर फुटपाथच्या पातळीचं क्रॉसिंग, २) खांब क्रमांक अमुक व फीडर पिलर फुटपाथच्या कडेला सरकवणे, ३) आपण व वाहतूक शाखेचे अधिकारी यांच्यासोबत संयुक्त पाहणी, शक्य असल्यास शाळा सुटण्याच्या वेळी. सोबत मोजणीचा तक्ता, फोटो व इतक्या रहिवाशांच्या सह्या."

खाली एक ओळ कायद्याची पुरते. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्ते बांधणं, सांभाळणं आणि त्यावरचे अडथळे काढणं ही पालिकेची बंधनकारक कामं म्हणून दिलीत, म्हणजे जमलं तर करू अशी नाहीत. हवं तर हेही लिहा की मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने वापरण्याजोगा फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं म्हटलंय. त्यापेक्षा जास्त कायदा पहिल्याच पत्रात नको, समोरचा माणूस लगेच बचावात जातो आणि फाईल विधी विभागाकडे फिरायला लागते.

पत्र हातात नेऊन द्या आणि आपल्या प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. हे विसरू नका. पुढची सगळी पत्रं, सगळे फोन त्या नंबरवर चालतात. "ताई, तुमचं पत्र आलंच नाही" हे वाक्य त्या शिक्क्यापुढे टिकत नाही. महिन्याभरात काही झालं नाही तर राज्य सरकारच्या "आपले सरकार" ह्या तक्रार पोर्टलवर तीच तक्रार टाका, आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो त्यासाठी अर्ज द्या, तो विहित नमुन्यात आणि आधी पंधरा दिवस द्यावा लागतो.

माहिती अधिकार कधी वापरायचा

पहिल्या दिवशी नको. आधी पत्र, आधी भेट. पण उत्तरं गोल गोल यायला लागली की जरूर वापरा. महाराष्ट्रात अर्ज जोडपत्र अ च्या नमुन्यात, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, एकच विषय आणि दीडशे शब्दांत. तीस दिवसांत उत्तर यायला पाहिजे. नाही आलं तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपयांचा स्टॅम्प.

"फुटपाथ का दुरुस्त केला नाही" असं विचारलंत तर काही मिळणार नाही, का ह्याचं उत्तर कागदात नसतं आणि माहिती अधिकारात मिळतो तो फक्त कागद. कागद मागा. ह्या तुकड्यावर गेल्या तीन वर्षांत झालेल्या कामांचे कार्यादेश, अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिकेतल्या नोंदींच्या प्रती, कंत्राटदाराचा दोष दायित्व कालावधी कधी संपतो ते, आणि रस्ता खोदायला दिलेल्या परवानग्या. ह्यातली दोष दायित्वाची गोष्ट फार कामाची आहे, कारण तो काळ चालू असेल तर उखडलेले ब्लॉक बसवायला पालिकेला एक रुपया लागत नाही, कंत्राटदाराने स्वखर्चाने करायचं असतं, आणि पुष्कळदा ते कुणी त्याला सांगितलेलंच नसतं.

"हा रस्ता आमचा नाही" असं उत्तर येऊ शकतं. तर कलम ६(३) नुसार अर्ज पाच दिवसांत ज्याचा रस्ता आहे त्याच्याकडे पाठवणं हे त्यांचंच काम आहे. रस्ता कुणाचा हे कळतच नसेल तेव्हा हा सगळ्यात सोपा मार्ग, अर्ज टाका आणि तो कुठे जाऊन थांबतो ते बघा.

अजून एक, फार जणांना माहीत नसलेलं. २०१८ च्या नोव्हेंबरच्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना फायली बघायला मिळाव्यात असं आहे. परिपत्रकाची प्रिंट घेऊन जा, शांतपणे दाखवा. फाईल समोर बसून बघितली की कळतं नेमकी कुठल्या सहीसाठी अडकलीय.

माणसं

हा भाग मी मुद्दाम मोठा लिहितेय, कारण बाकी सगळं कागदावर शिकता येतं, इथे खरी कसोटी असते.

सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज टाकून माणसं जमत नाहीत, अंगठे जमतात. एकेकाला जाऊन भेटा. शाळेच्या गेटवर मुलांना घ्यायला येणाऱ्या आया, आज्या, ह्यांच्यापासून सुरू करा, त्या रोज वीस मिनिटं तिथे उभ्या असतात आणि त्यांना त्या रस्त्याचा प्रत्येक खड्डा पाठ असतो. मुख्याध्यापकांचं पत्र मिळालं तर फार फरक पडतो, शाळेच्या लेटरहेडवर आलेलं पत्र कुणी सहज बाजूला ठेवत नाही. व्हीलचेअर वापरणारं, कमी दिसणारं कुणी तुमच्या भागात असेल तर त्यांना पहिल्या मीटिंगपासून बरोबर घ्या, शेवटी फोटोपुरतं नको. फुटपाथ त्यांना जमला तर सगळ्यांना जमतो.

दुकानदार घाबरतात. फुटपाथ रुंद झाला, समोरचं पार्किंग गेलं तर गिऱ्हाईक जाईल असं त्यांना वाटतं आणि ती भीती खोटी नाही, त्यांचं पोट आहे त्यावर. त्यांच्याशी वाद घालू नका, एक काम करा, त्यांच्याच दुकानासमोर उभं राहून तासाभरात आत येणारं गिऱ्हाईक कसं आलं ते त्यांनाच मोजायला सांगा. पायी किती, बाईकवर किती, गाडीने किती. आणि दारासमोर दिवसभर लावलेल्या गाड्या कुणाच्या आहेत तेही. पुष्कळदा त्या गिऱ्हाइकाच्या नसतातच, स्टेशनला जाऊन लोकलने मुंबईला गेलेल्या लोकांच्या असतात, किंवा दुकानातल्याच माणसांच्या. हे दुकानदाराने स्वतः बघितलं की बोलणं सोपं होतं. माल उतरवायला सकाळची ठरावीक वेळ राखून द्या ही त्यांची मागणी तुमच्याच पत्रात घाला.

फेरीवाल्यांच्या बाबतीत मला कळकळीने सांगायचंय की "फेरीवाले हटाव" वर तुमची मोहीम नेऊ नका. संध्याकाळी उशिरा तो रस्ता बाईमाणसाला सुरक्षित वाटतो तो भाजीवालीच्या दिव्यामुळे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात नगर पथविक्रेता समिती आहे, त्यात ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांचे असतात, कुठे बसायचं कुठे नाही हे तिथे ठरायला पाहिजे. तुमची मागणी एवढीच ठेवा की चालायला १.८ मीटर सलग मोकळं असावं, त्याच्या बाहेर गाडी लावायची की भाजी विकायची ह्यात माझं मत भाजीच्या बाजूने आहे. आणि त्या भाजीवालीला विचारा तर खरं, रस्ता कुठे ओलांडताना लोक धडपडतात ते तिच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

रिक्षावाले, तेच. स्टँडची जागा क्रॉसिंगपासून दहा पावलं मागे सरकवायची तर आधी त्यांच्या युनियनच्या माणसाशी बोला, मग पोलिसांशी. उलटं केलंत तर कायमचे विरोधक होतील.

ठाण्यात जवळपास प्रत्येक प्रभागात चार नगरसेवक आहेत. २०२२ पासून जवळपास चार वर्षं प्रशासक होते, आता जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झालीय, त्यामुळे विचारायला माणूस आहे. चौघांनाही एकच पत्र द्या, पक्ष कुठलाही असो, चौघांनाही पाहणीला बोलवा. एकाचंच काम म्हणून शिक्का बसला की बाकीचे तिघं अडवतात. आणि वेळ बघा, पालिकेचं बजेट फेब्रुवारी मार्चमध्ये येतं, त्याआधी अंदाजपत्रकं तयार होतात, म्हणजे तुमची मागणी गणपती ते दिवाळीच्या दरम्यान अभियंत्यांच्या टेबलावर पाहिजे. एप्रिलमध्ये गेलात तर पैसे वाटून झालेले असतात, आणि जूननंतर खोदकाम बंद.

पाहणी दौरा

साहेब येणार असं ठरलं की ती वेळ शाळा सुटायची किंवा संध्याकाळी सातची मागा. दुपारी तीन वाजता आले तर रस्ता रिकामा असतो आणि सगळं छान दिसतं. गाडीतून बघायला देऊ नका, गाडी तुकड्याच्या एका टोकाला थांबवा आणि दुसऱ्या टोकापर्यंत सगळ्यांनी चालायचं. एखाद्या आजींनी साहेबांच्या सोबत चालावं, मुलांची दप्तरं असतील, एखादी बाबागाडी असेल तर उत्तमच. भाषण कुणी करायचं नाही. जिथे अडलं तिथे थांबायचं, टेप लावायची, आकडा मोठ्याने वाचायचा, एकाने लिहायचा. दहा ठिकाणी असं थांबलं की सांगण्यासारखं काही उरत नाही. संपल्यावर लगेच, तिथेच उभं राहून, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, हे एका कागदावर लिहा आणि दुसऱ्या दिवशी तेच पत्र म्हणून पाठवा, "कालच्या संयुक्त पाहणीत आपण मान्य केल्यानुसार" अशी सुरुवात करून.

काही बदल आधी तात्पुरते करून बघायला मागा. कोन आणि बॅरिकेड लावून कोपरा अरुंद करणं, एखादी गल्ली शाळेच्या वेळेत पंधरा वीस मिनिटं गाड्यांना बंद करणं. ह्याला खर्च नाही, नाही जमलं तर काढता येतं, म्हणून अधिकारी तयार होतात. पुण्यात ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रोडवर एक दिवस गाड्या बंद करून पादचारी दिन केला आणि नंतर दर वर्षी होतो. मुंबई पोलिसांनी मार्च २०२२ मध्ये रविवारी सकाळी काही रस्ते गाड्यांना बंद करून लोकांना चालायला, खेळायला, सायकल चालवायला दिले होते. मसुंदा तलावाभोवती किंवा राम मारुती रोडवर एखाद्या रविवारी सकाळी असं मागायला काहीच हरकत नाही, परवानगी वाहतूक पोलिसांची लागते, आणि लोकांनी मोकळा रस्ता एकदा पायाखाली अनुभवला की पुढची सही मागायला फार फिरावं लागत नाही.

स्पीड ब्रेकर मागताना मात्र सांभाळून. सोसायट्या रातोरात जे उंच, टोकदार उंचवटे टाकून घेतात त्यावर सायकलवाले पडतात, गरोदर बाई बाईकवर मागे बसलेली असेल तर तिचे हाल, अँब्युलन्सचे हाल. आयआरसी ९९ मध्ये जो गोल उंचवटा दिलाय तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर लांब, म्हणजे चांगला पसरट असतो. शाळेसमोर तर सरळ टेबलटॉप मागा, क्रॉसिंगच वर उचललेलं, गाडी आपोआप हळू होते आणि माणसाला खाली उतरावं लागत नाही.

सायकलसाठी

सायकल ट्रॅकच्या आधी सायकल ठेवायला जागा मागा. स्टेशनजवळ, मार्केटजवळ, पालिकेच्या ऑफिसात, सोसायटीत. साखळी बांधता येईल असा लोखंडी उलटा यू, वर पत्रा, दिवा. एका गाडीच्या जागेत आठ दहा सायकली उभ्या राहतात. हे स्वस्त आहे, लगेच होतं, आणि ज्याची सायकल दोनदा चोरीला गेली तो तिसरी घेत नाही. सोसायटीत तर तुम्ही स्वतःच ठराव आणू शकता, त्यात कामवाल्या ताई, गार्ड, डिलिव्हरीवाले ह्यांच्या सायकलींना आत जागा द्या हेही घाला.

ट्रॅक मागायचाच असेल तर किमान २ मीटर रुंद, आणि गाड्यांपासून खरोखर वेगळा केलेला. नुसता हिरवा रंग मारलेला पट्टा घेऊ नका, पावसाळ्यात तो बुळबुळीत होतो आणि बाकीच्या दिवसांत त्यावर गाड्या लागतात. गल्लीबोळात ट्रॅकची गरजच नसते, तिथे गाड्या ३० ने गेल्या तरी पुरतं. जिथे गाड्या जोरात जातात तिथेच वेगळी जागा लागते, कापूरबावडी, माजिवडा, मानपाडा असल्या जंक्शनांवर, आणि तिथे सगळ्यात अवघड जागा म्हणजे डावीकडे वळणारी मोकळी लेन, सिग्नल नसलेली. ती बंद करून कोपरा काटकोनात आणायला सांगा. चालणाऱ्यांनाही त्याचा तेवढाच फायदा.

अपघात झाला असेल तर

असं व्हायला नको, पण झाला तर आधी माणसाला दवाखान्यात न्या. घाबरू नका, मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-ए ने मदत करणाऱ्याला संरक्षण दिलंय, नाव सांगायची सक्ती नाही. मग दुसऱ्या दिवशी जागेचे फोटो घ्या, दिवा होता का, पट्टे होते का, खड्डा होता का. नुकसानभरपाईसाठी हे फोटो उपयोगी पडतात: ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई हायकोर्टाने खड्ड्यामुळे मृत्यू झाल्यास कुटुंबाला ६ लाख आणि जखमीला ५० हजारांपासून अडीच लाखांपर्यंत भरपाई द्यायला सांगितलंय. रस्त्याच्या रचनेतच दोष असेल आणि त्यातून माणूस गेला किंवा अपंग झाला तर कलम १९८-ए खाली बांधणाऱ्याला, देखभाल करणाऱ्याला १ लाखापर्यंत दंड आहे, २०१९ च्या दुरुस्तीत आलेलं.

पोलीस ठाण्यातून माहिती घ्या की त्या ठिकाणी आधी किती अपघात झालेत. ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर जखमा असलेले पाच अपघात, किंवा दहा मृत्यू झाले असले तर तो ब्लॅक स्पॉट ठरतो, आणि मग जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे जाता येतं. त्याहून कमी असतील तरी पत्र द्या. कुणीतरी आकडा पूर्ण करायची वाट बघणं हे माणुसकीत बसत नाही.

काम सुरू झाल्यावर

इथे लोक हुश्श करून घरी जातात आणि इथेच सगळं बिघडतं. वर्क ऑर्डरची प्रत जवळ ठेवा, रोज कुणीतरी एक चक्कर मारा. उतार रस्त्याच्या बाजूला आहे का, नाहीतर पावसाचं पाणी दुकानात. चेंबरची झाकणं फुटपाथच्या पातळीला आहेत का. प्रत्येक सोसायटीच्या गेटसमोर फुटपाथ खाली उतरवतात, त्याने चालणारा दर वीस पावलांवर चढ उतर करतो, फुटपाथ सलग ठेवून गाडीने चढायला हवं हे ठेकेदाराच्या मुकादमाला आधीच सांगा, सिमेंट सुकल्यावर सांगून उपयोग नाही. बाईक येऊ नयेत म्हणून खांब लावतात, त्यांच्यामधून व्हीलचेअर जाते का ते खुर्ची नेऊन बघा. गुळगुळीत चकचकीत टाईल लावत असतील तर तिथेच थांबवा, जुलैमध्ये त्यावर माणसं घसरतात. मुकादमाला, कामगारांना पाणी, चहा विचारा, त्यांच्याशी ओळख झाली की चुकीचं होत असताना तेच तुम्हाला बोलावून सांगतात.

पूर्ण झालं की पुन्हा मोजणी करा, त्याच वेळेला, त्याच जागी, त्याच तक्त्यावर. फुटपाथवरून चालणारे किती वाढले, गाड्यांचा वेग किती उतरला. तो तक्ता आधीच्या तक्त्याशेजारी लावून अभियंत्यांना, नगरसेवकांना, पोलिसांना आभाराच्या पत्रासोबत पाठवा, काम केलेल्या माणसाचं नाव घालून, कारण चांगलं काम केल्याचं पत्र त्यांना जवळजवळ कधीच मिळत नाही. शेजारच्या सोसायटीला तुमचं पहिलं पत्र, तक्ता आणि आवक नंबर सगळं द्या, त्यांना नुसती जागेची नावं बदलायचीत. आणि पहिला मोठा पाऊस पडून गेला की छत्री घेऊन त्या तुकड्यावरून एकदा चालून या, पाणी कुठे साचतंय ते टेपने मोजा, दोष दायित्वाचा काळ अजून चालू आहे तोवरच ते पत्र जायला पाहिजे.